लिव्हर-ॲक्शन रायफल चुकून उडू नये म्हणून काय काळजी घ्यावी?

मराठीत आपण चापालाही सर्रास 'घोडा' म्हणतो. येथे मात्र घोडा म्हणजे मागे उघडा दिसणारा, आघात करणारा भाग. विंचेस्टरच्या १८९४ च्या मॉडेलसारख्या जुन्या रायफलींना वेगळी सुरक्षा-कळ नव्हती, सारी भिस्त घोड्याच्या अर्ध्या खाचेवर, म्हणजे घोडा अर्धवट मागे अडकवून ठेवणाऱ्या खाचेवर, होती. लिव्हर (चापाभोवतीची खाली-वर करायची दांडी) चालवली की काडतूस चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसते त्या जागेत) जाते आणि घोडा पूर्ण ताणलेला राहतो. त्यामुळे गोळी न झाडता तो उतरवायचा झाल्यास त्याला अंगठ्याने घट्ट धरून चाप ओढावा लागतो, आणि थंडीने बधिर झालेला किंवा हातमोज्यातला अंगठा निसटला तर गोळी सुटू शकते. माझ्या मते सर्वाधिक धोका याच क्षणी असतो. म्हणून प्रत्यक्ष नेम धरण्याची वेळ येईपर्यंत चेंबर रिकामेच ठेवावे. भरलेल्या चेंबरवर घोडा पूर्ण टेकवून तर रायफल कधीच नेऊ नये, कारण अशा जुन्या रचनेत घोड्यावर बसलेला ठोका थेट फायरिंग पिनपर्यंत (काडतुसावर आदळून ते उडवणाऱ्या खिळीपर्यंत) पोहोचतो.

रायफल रिकामी करताना लिव्हर फिरवून काडतुसे बाहेर काढायची असल्यास प्रत्येक काडतूस चेंबरजवळून जाते. तेव्हा बोट चापापासून दूर आणि नळीचे तोंड सुरक्षित दिशेला असावे. नळीसारख्या मॅगझिनमध्ये (काडतुसे एकामागे एक साठवायच्या भागात) टोकदार कडक गोळ्या भरू नयेत, कारण मागच्या गोळीचे टोक पुढच्या काडतुसाच्या प्रायमरवर, म्हणजे आघाताने पेट घेणाऱ्या भागावर, टेकलेले असते.