किमो चालू असताना गुळवेल देऊ का?

"किमोच्या जोडीला गुळवेल, गव्हांकुर दिले तर चालेल ना? डॉक्टरांना सांगितलं नाही, रागावतील." समुपदेशक म्हणून हे मी इतक्या घरांतून ऐकलंय की आज एका जोडप्याबद्दल लिहितेच. ओळखीच्या खुणा अर्थात बदलल्या आहेत.

काकूंना स्तनाचा कर्करोग. रक्तात एसजीपीटी (यकृताला इजा झाली की वाढणारं द्रव्य) वाढलं म्हणून तिसरी किमो पुढे गेलेली. एसटीतून निवृत्त झालेल्या काकांनी पिशवीतून एकेक वस्तू काढून माझ्या टेबलावर मांडली. गुळवेलीचा काढा, हळदीच्या कॅप्सूल, लक्ष्मणफळाची पावडर. शिवाय रोज पहाटे पाचला उठून वाटलेला गव्हांकुराचा रस.

"यातलं डॉक्टरांना काय माहीत आहे?"

"काहीच नाही. झाडपाल्याचं आहे मॅडम, अपाय कसला?"

मी स्पष्ट सांगितलं. गुळवेल घेणाऱ्या सहा जणांच्या यकृताला इजा झाल्याचं मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलंय. किमोनंतर साधारण ७ ते १४ दिवसांत रक्तातल्या पांढऱ्या पेशींची संख्या तळाला जाते, तेव्हा कच्च्या रसातूनही जंतुसंसर्ग होऊ शकतो. काकांनी मान डोलावली आणि बाटल्या पुन्हा पिशवीत भरल्या.

तिसऱ्या भेटीत मी काकूंना विचारलं, "तो रस तुम्हाला जातो का?"

"वासानंच मळमळतं. पण हे पाचला उठतात हो. नको कसं म्हणू?"

काका बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "सुई ते टोचणार, सलाईन ते लावणार. मी नुसता बसून थेंब मोजू? सगळं करून बघायलाच पाहिजे."

"आणि नाही केलं तर?"

"हिला काही झालं तर ते माझ्यामुळे."

"अहो, तुमच्यामुळे कसं?" काकू एकदम म्हणाल्या. आजाराबद्दल दोघं एकमेकांशी बोलले ते माझ्यासमोर पहिल्यांदाच.

विवेकनिष्ठ विचारपद्धतीनं, म्हणजे भावनेमागचा हट्टी विचार शोधत काम करताना "बघायलाच"मधला तो "च" ऐकायला मी शिकले आहे. तो त्या दिवशी निसटला नाही, याचं समाधान मला आजही आहे. रस काकूंच्या पोटात जात होता, पण भीती उतरत होती काकांची. त्यांचा रस नुसता बंद केला असता तर त्यांनी दुसरं काहीतरी आणलं असतं. त्यांच्या हाताला काम हवं होतं.

ते भरपूर आहे. रोज ताप बघणं; १००.४ फॅरेनहाइटला पोचला की वाट न बघता रुग्णालय गाठणं. तोंड येऊ नये म्हणून मीठ आणि खायच्या सोड्याच्या गुळण्यांचं पाणी. संध्याकाळी सोबत फेरी. योग आणि ध्यानानं रुग्णांची चिंता हलकी होते, अमेरिकेतल्या कर्करोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०२३ मध्ये तशी शिफारसही केली आहे. पण हे उपचारासोबत, उपचाराऐवजी नव्हे. प्रमाणित उपचार नाकारून केवळ पर्यायी उपचार घेणाऱ्यांत मृत्यूचा धोका अडीचपट आढळल्याचं येल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये दाखवलं. स्तनाच्या कर्करोगात तो पाचपटीहून जास्त होता.

आणि बाटल्या लपवू नका. पुढच्या भेटीला पिशवीच घेऊन जा, लेबलांसकट. काका पिशवी घेऊन डॉक्टरांकडे गेले. डॉक्टर रागावले नाहीत, एकेक बाटली हातात घेऊन बघितली आणि सगळं थांबवायला सांगितलं. तीन आठवड्यांनी एसजीपीटी उतरलं, किमो झाली.

आता काका वही ठेवतात. ताप, गुळण्या, चालणं. परवा शेवटच्या रकान्यात लिहिलं होतं, "दीड भाकरी. मागून घेतली."