पायाच्या अंगठ्याचं मांस हाताच्या बोटाला लावलं तर टिकतं का?

तुमच्या भावाचं बोट प्रेसमध्ये गेलंय आणि डॉक्टर पायाचं मांस लावू म्हणतायत, तर घाबरू नका, हे टिकतं आणि त्याला स्पर्शसुद्धा कळतो. माझ्या उजव्या हाताच्या अंगठ्याचं पुढचं मांस असंच गेलं होतं, हाड उघडं पडलेलं, तेव्हा पायाचंच मांस लावलं.

पायाच्या अंगठ्याची दुसऱ्या बोटाकडची बाजू घेतात, कारण तिथली कातडी हाताच्या बोटासारखीच जाड आणि रेघा असलेली असते, मांडीची पातळ कातडी लावली तर जखम झाकते पण पकड येत नाही. तुकड्याबरोबर रक्तवाहिन्या आणि संवेदनेची नस पण घेतात, रक्तवाहिनी जेमतेम एक मिलिमीटरची, ती मायक्रोस्कोपखाली केसाहून बारीक दोऱ्याने जोडतात. हे काही नवीन नाही, 1968 मध्ये इंग्लंडात जॉन कॉबेट या सर्जनने पायाचा अख्खा अंगठा हाताला लावला होता.

खरी काळजी पहिले दोन-तीन दिवस. सिस्टर रात्री पण येऊन तो तुकडा हलकेच दाबायची आणि पांढरा झालेला परत गुलाबी व्हायला किती वेळ लागतो ते बघायची, निळा पडला किंवा गार लागला की लगेच परत ऑपरेशन थिएटरमध्ये न्यावं लागतं. भाऊ सिगरेट ओढत असेल किंवा तंबाखू खात असेल तर आजपासून बंद म्हणजे बंद, निकोटिनने रक्तवाहिन्या आवळतात.

नस दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढते त्यामुळे स्पर्श यायला महिने जातात. सुरुवातीला मुंग्या यायच्या आणि बोटाला हात लावला की पायाला लावल्यासारखं वाटायचं. आता न बघता शर्टाचं बटण लावतो, खिशातलं नाणं ओळखतो. चालायला काही त्रास नाही, फक्त आधी बूट घासायचा.

पण प्रत्येकाला हे लागतंच असं नाही हो. जखम एक सेंटिमीटरच्या आत असेल आणि हाड दिसत नसेल तर नुसत्या ड्रेसिंगने पण छान भरते, कधी त्याच बोटाचं मांस पुढे सरकवून भागतं. म्हणून हाड दिसतंय का आणि दुसरा उपाय चालेल का हे सर्जनला स्पष्ट विचारा, आणि ते मायक्रोसर्जरी नेहमी करतात का हेही. अंगठा किंवा त्याच्या शेजारचं बोट असेल तर मी म्हणेन करून घ्या, चिमटीत धरायचं मुख्य काम त्यांचंच. थंडीत मात्र बोट ठणकतं, माझं अजून ठणकतं, ते भावाला आधीच सांगून ठेवा.