एफडी मोडून घरात रेल्वे उभारावी का?

वाचकाचा प्रश्न: आम्ही दोघं नोकरी करतो, महिन्याला हातात १,४५,००० रुपये येतात. घरखर्च, शाळा आणि विमा मिळून ७०,००० जातात, गृहकर्जाचा हप्ता ३२,७०० आणि एसआयपी २०,०००. गृहकर्ज २८ लाख शिल्लक आहे, व्याज ८.५ टक्के (फ्लोटिंग), ११ वर्षं बाकी. बँकेत ६ लाखांची एफडी आहे. मुलगी नववीत, मुलगा ५ वर्षांचा. डोंबिवलीच्या दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये ८ बाय ४ फुटांच्या टेबलावर भोर घाटाची एचओ या मापाची मॉडेल रेल्वे करायची आहे. खर्चाची यादी ३.५ लाखांवर गेली. मी म्हणतो एफडी मोडू, पत्नी म्हणते तेच पैसे गृहकर्जात भरू. वैयक्तिक कर्जही १४ टक्क्यांनी मिळतंय. काय करावं?

उत्तर: एफडी मोडू नका. रेल्वेसाठी नको आणि गृहकर्जासाठीही नको. पण छंद सोडा असंही मी म्हणणार नाही. तुमच्या महिन्याच्या शिलकीतून तो उभा राहू शकतो. त्यासाठी आराखडा मात्र बदलावा लागेल.

आधी एफडी. हप्ता आणि घरखर्च मिळून दरमहा १,०२,७०० रुपये चुकत नाहीत. सहा महिन्यांचे होतात ६,१६,२००. म्हणजे तुमची ६ लाखांची एफडी ही बचत नाही, तो आणीबाणीचा निधी आहे आणि तोही काठावर. त्यातले ३.५ लाख काढले तर उरलेल्या पैशांत अडीच महिनेसुद्धा निघणार नाहीत. दोघांपैकी एकाची नोकरी गेली तरी दुसऱ्याचा पगार चालू राहील हे खरं, पण एका पगारात हप्ता आणि घर दोन्ही भागेल का, ते दोघांनी कागदावर मांडून पाहा.

तुमच्या पत्नींचा हिशेब गणितात चोख आहे. आज ३.५ लाख भरून हप्ता तोच ठेवला, तर कर्ज १३२ ऐवजी सुमारे १०७ महिन्यांत फिटतं. साधारण २५ हप्ते वाचतात, म्हणजे ८.१५ लाख, त्यातून भरलेले ३.५ लाख वजा केले तरी ४.६५ लाखांचं व्याज वाचतं. फ्लोटिंग गृहकर्जावर मुदतपूर्व भरणीचा दंडही नाही. अडचण एकच: कर्जात गेलेला पैसा दवाखान्याच्या बिलासाठी परत मिळत नाही. वर्षाचा बोनस येईल तेव्हा तो मात्र जरूर कर्जात भरा.

वैयक्तिक कर्जाचा विचार इथेच थांबवा. ३.५ लाख, १४ टक्के, ३ वर्षं, म्हणजे हप्ता सुमारे ११,९६० आणि एकूण व्याज ८०,००० च्या वर. रुळाचा पहिला तुकडा बसायच्या आत हप्ता सुरू होतो.

आता तुमची यादी. डीसीसी कंट्रोलर (एकाच रुळावर अनेक इंजिनं वेगवेगळी चालवणारा डिजिटल नियंत्रक) ३८,०००. तीन इंजिनं ९६,०००. १४ डबे ७०,०००. रूळ, १२ पॉइंट (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारे सांधे) आणि त्यांच्या मोटर ७४,०००. टेबल आणि सुतार ३२,०००. देखावा आणि इमारती २५,०००. कुरिअर आणि किरकोळ १५,०००. पहिल्या चार ओळी मिळून २,७८,००० होतात, आणि त्या किमती तुम्ही परदेशी संकेतस्थळांवरून रुपयांत करून घेतल्या आहेत. त्यात सीमाशुल्क नाही. स्केल मॉडेलं सीमाशुल्काच्या ९५०३ या शीर्षकात, खेळण्यांच्या शेजारीच येतात. खेळण्यांवरचं मूळ शुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्के झालं आणि २०२३ मध्ये ७०. अर्थसंकल्पागणिक दर बदलू शकतो, म्हणून ऑर्डरच्या दिवशीचा दर कुरिअर कंपनीकडून लेखी घ्या. शुल्काचा हिशेब वस्तूची किंमत अधिक वाहतूक यांवर होतो आणि जीएसटी त्या शुल्कासकट रकमेवर लागतो. सगळं मिळून फक्त ५० टक्के धरले तरी १,३९,००० वाढतात. ३.५ लाखांची रेल्वे ४.८९ लाखांची झाली. शिवाय १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना २०२१ पासून बीआयएस (भारतीय मानक ब्युरो) प्रमाणन सक्तीचं आहे. कागदोपत्री 'टॉय' म्हणून आलेलं पार्सल अडकू शकतं. भारतातल्या विक्रेत्याकडे तीच वस्तू महाग दिसली तरी शुल्क भरून आलेली असते. तुलना घरपोच किमतींची करा.

ब्रिटनमधल्या दुकानाच्या छापील किमतीत २० टक्के व्हॅट असतो, निर्यातीवर तो वजा होतो का ते विचारा. १२० पौंडांची वस्तू १०० पौंडांना पडते. उलट बाजूला, क्रेडिट कार्डावर परकीय चलनाचा मार्कअप अनेकदा ३.५ टक्क्यांपर्यंत असतो आणि त्यावर १८ टक्के जीएसटी.

पैशांपेक्षा मला काळजी वाटते ती मापांची, कारण या यादीतला बराच माल तुमच्या टेबलावर चालणारच नाही. एचओ म्हणजे १:८७, खऱ्याच्या सत्त्याऐंशीवा भाग. आयसीएफ पद्धतीचा प्रवासी डबा २१.३ मीटर लांब, मॉडेलमध्ये २४.५ सेंमी. १४ डब्यांची गाडी ३.४ मीटर भरते आणि तुमचं टेबल २.४४ मीटरचं आहे. चार फुटांच्या रुंदीत ४३८ मिमी त्रिज्येचं वळण धरलं, तर सरळ भाग १.४४ मीटर उरतो. इंजिन आणि चार डबे, त्याहून जास्त नाही. इतक्या घट्ट वळणावर लांब डब्यांची टोकं बाहेर येतात, शेजारच्या रुळावरच्या गाडीला घासतात आणि कपलिंग ओढलं जाऊन डबा घसरतो. लांब डब्यांना ६०० मिमीच्या पुढची त्रिज्या हवी. आणखी एक: तुमच्या यादीतली इंजिनं एचओ आणि डबे ब्रिटिश ओओ, म्हणजे १:७६ आहेत. दोन्ही १६.५ मिमीच्या रुळावर धावतात, पण डबा इंजिनापेक्षा अंगानं मोठा दिसतो.

घाटाचंही तसंच. भोर घाटाची चढण ३७ ला १. एक रूळ दुसऱ्यावरून नेण्यासाठी ७५ मिमी उंची लागते, म्हणजे २.७८ मीटर चढण आणि तेवढीच उतरण, एकूण ५.५५ मीटर. तुमच्या अंडाकृती मार्गाची पूर्ण लांबी सुमारे ५.६३ मीटर. स्टेशनसाठी सपाट जागा शिल्लक राहत नाही आणि वळणावर चढताना इंजिनाची चाकं जागीच फिरतात.

जागेचा खर्च यादीत कुठेच नाही. हात आरामात ७५ सेंमीपर्यंत पोचतो, म्हणून चार फुटी टेबलाला दोन्ही लांब बाजूंनी आणि एका टोकाला दोन-दोन फूट वाट सोडावी लागते. ८० चौरस फूट झाले. दहावीच्या वर्षात मुलीची खोली यात जाणार असेल, तर हा खर्च सगळ्यात मोठा आहे.

माझा सल्ला: घाट नको, घाटाचा पायथा करा. कर्जतला गाडीच्या मागे बँकर, म्हणजे चढावर मागून ढकलणारी इंजिनं जोडतात, तिथल्या यार्डाचा एक कोपरा ८ बाय १ फुटांच्या फळीवर बसतो. इंगलनुक नावाची जुनी शंटिंगची (वाघिणी मागेपुढे करून लावण्याची) रचना आहे: दोन पॉइंट, तीन सायडिंग (बाजूचे बंद रूळ), त्यांत अनुक्रमे ५, ३ आणि ३ वाघिणी मावतात, आणि मोकळ्या टोकाला इंजिन अधिक तीन वाघिणींची जागा. बॉक्सएन ही उघडी मालवाहू वाघीण १०.७ मीटरची, एचओत १२.३ सेंमी. पाच वाघिणी ६२ सेंमी, समोरचं टोक ५७ सेंमी, दोन पॉइंट साधारण ३७ सेंमी, १.५६ मीटरमध्ये काम भागतं. आठांपैकी पाच वाघिणी ठरलेल्या क्रमानं लावायचा खेळ कंटाळा येऊ देत नाही, आणि एकच इंजिन असल्यानं डीसीसीचे ३८,००० वाचतात. साधा १२ व्होल्ट डीसी कंट्रोलर पुरे. इंजिन मात्र डिकोडरचं (डीसीसीच्या चिपचं) सॉकेट असलेलं घ्या.

पहिल्या वर्षाच्या कमाल मर्यादा, शुल्कासकट: इंजिन ३०,०००; चार वाघिणी १२,०००; ९१४ मिमीच्या तीन फ्लेक्सी (वाकवता येणाऱ्या) रूळपट्ट्या आणि दोन पॉइंट १०,०००; फळी आणि ब्रॅकेट ८,०००; कंट्रोलर ७,०००; वायर, सोल्डर, हत्यारं ५,०००. एकूण ७२,०००, दरमहा ६,०००. खरेदीचा क्रम हाच ठेवू नका. आधी फळी, मग रूळ आणि वायरिंग, मग कंट्रोलर, इंजिन सगळ्यात शेवटी. इंजिन आधी आलं की ते जमिनीवर धावतं आणि गिअरमध्ये केस, धूळ अडकते.

फळी १२ मिमी बीडब्ल्यूपी (उकळत्या पाण्यातही टिकणाऱ्या) प्लायची, आयएस ७१० शिक्का बघून घ्या. दोन्ही बाजू आणि कडा रंगवा. डोंबिवलीच्या पावसाळ्यात एकाच बाजूनं रंगवलेली प्लाय वाकते आणि रुळाचे सांधे उचलले जातात. २० अंशांच्या फरकानं २.४ मीटर रूळ जेमतेम ०.८ मिमी वाढतो. खरा त्रास लाकूड फुगण्याचा. सांध्यात अर्धा-एक मिमी फट ठेवा. फळी चार-चार फुटांच्या दोन तुकड्यांत करा म्हणजे घर बदलताना लिफ्टमधून जाईल, आणि पॉइंट त्या जोडावर येऊ देऊ नका.

फळीखालून १.५ स्क्वेअर मिमीच्या दोन मुख्य वायर आणि प्रत्येक रूळपट्टीला ०.५ च्या वेगळ्या जोडवायर द्या. रुळांच्या जोडपट्ट्यांच्या भरवशावर वीज सोडली की काही महिन्यांत त्या सैल पडतात, काळवंडतात, आणि इंजिन लांबच्या टोकाला मंदावतं. पॉइंटच्या मधला भाग प्लास्टिकचा असेल तर छोटं इंजिन तिथेच थांबतं. शंटिंगसाठी विजेचा मधला भाग असलेले पॉइंट घ्या. रूळ आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा, सँडपेपरनं नाही, ओरखड्यांत मळ साचतो. अमेरिकेहून कंट्रोलर मागवलात तर १२० व्होल्टचा नाही ना, हे आधी बघा. आपल्या २३० वर तो जळतो. आणि पाच वर्षांचं मूल घरात आहे: सोल्डरिंग तो झोपल्यावर, फळी छातीच्या उंचीवर.

शिल्लक २२,३०० पैकी रेल्वेला ६,०००, मुलीच्या अकरावी-बारावीच्या आवर्ती ठेवीला १०,००० (दोन वर्षांत व्याज सोडून २.४ लाख), आणि उरलेले ६,३०० तीन महिने एफडीत टाकले की सहा महिन्यांचा निधी पुरा होतो. पुढे तेच गृहकर्जात. रेल्वेचे पैसे वेगळ्या बचत खात्यात वळते करा. त्या महिन्यात तिथे जितके असतील तितकीच खरेदी, क्रेडिट कार्डाचे हप्ते करायचे नाहीत.

पैसे भरण्याआधी पुण्यात कोथरूडचं जोशींचं लघुरेल्वे संग्रहालय दोघांनी आणि मुलांनी मिळून पाहा. दुसऱ्या वर्षीच्या चार वाघिणी आणि दुसरं इंजिन तेव्हाच, जेव्हा पहिल्या फळीवर गाडी एकही डबा न घसरता दोन्ही पॉइंटांवरून दोन्ही दिशांना जाईल. मुलीचे क्लास सुरू होऊन शिल्लक घटली, तर सहा हजारांचे दोन हजार करा आणि ते महिने देखाव्याला द्या. गवत, खडी, प्लॅटफॉर्म यांना वेळ जास्त लागतो आणि पैसे कमी.