आईच्या ब्रेस्ट कॅन्सरच्या रेडिएशनला ७ वर्षं झाली, त्याच जागी जांभळा डाग आलाय, मॅमोग्राफी नॉर्मल आहे. थांबावं का? रेडिएशनमुळेच झालं असेल का?

थांबू नका. मॅमोग्राफीवर तर मुळीच विसंबू नका. असा डाग अँजिओसारकोमाचा असू शकतो, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या पेशींचा दुर्मिळ कॅन्सर, जो रेडिएशननंतर काही वर्षांनी होऊ शकतो. तो बहुतेकदा कातडीतच सुरू होतो, मॅमोग्राफीत बरेचदा दिसतच नाही. डागाची बायोप्सी करा, याच आठवड्यात.

माझी ताई पंचवटीत राहते. २०१४ मध्ये तिची गाठ काढली, स्तन वाचवला आणि रेडिएशन दिलं. २०२१ च्या पावसाळ्यात टाक्यांच्या खाली जांभूळ चिरडल्यासारखा डाग आला. दुखत नव्हता. घरचे म्हणाले, कुठे तरी आपटलं असेल. एका डॉक्टरांनी इन्फेक्शन म्हणून अँटिबायोटिकचा कोर्स दिला. मॅमोग्राफी, सोनोग्राफी स्वच्छ. पंच बायोप्सीचा (कातडीचा छोटा गोल तुकडा काढून केलेल्या तपासणीचा) रिपोर्ट 'रेडिएशनमुळे झालेले बदल' असा आला, तेव्हा दाजी म्हणाले, झालं, सुटलो. मी म्हटलं, मुका मार महिनाभर पसरत जात नाही. खूप भांडलो. शेवटी सर्जनने खोल तुकडा घेतला. स्लाइड (काचेवरचे पातळ काप) आणि ब्लॉक (ज्यातून ते काप काढतात तो मेणातला तुकडा), दोन्ही घेऊन मी पंचवटी एक्सप्रेसने निघालो, परळला टाटामध्ये दाखवले. तिथे मिक (MYC) नावाच्या जनुकाची तपासणी पॉझिटिव्ह आली, म्हणजे अँजिओसारकोमाच. रेडिएशननंतर कातडीत रक्तवाहिन्यांचे साधे बदलही होतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली ते फसवतात. मिक जनुकाच्या प्रती वाढलेल्या असतील तर कॅन्सर धरतात. नुसत्या स्लाइड नेऊ नका, ब्लॉक मागून घ्या. जुन्या रेडिएशनचा कागदही न्या, कुठल्या भागाला किती डोस दिला तो.

ऑपरेशनमध्ये पूर्ण स्तन आणि रेडिएशन बसलेली बरीचशी कातडी काढली, पाठीचा मांसल तुकडा आणून जागा झाकली. नुसता डाग कापून भागत नाही, कडेला पुन्हा येतो. काखेतल्या गाठी सहसा काढत नाहीत, कारण हा मुख्यतः रक्तातून फुप्फुसात जातो. म्हणून छातीचा सीटी आधी करतात आणि नंतरही. केमोचं म्हणाल तर: पसरला असेल तर पॅक्लिटॅक्सेल वगैरे देतात, ऑपरेशनच्या जोडीला द्यायचं की नाही ते पेशंटगणिक ठरतं.

आता 'रेडिएशनमुळेच का?' हो, तसं असू शकतं. रेडिएशन दिलेल्या जागीच, काही वर्षांनी आणि पहिल्यापेक्षा वेगळ्या प्रकारचा कॅन्सर आला तर तसंच धरतात. पण आमचे दाजी अजून दर दिवाळीला म्हणतात, "शेक (रेडिएशन) घेतलाच नसता तर?" दाजी, ऐका. स्तन वाचवून केलेल्या ऑपरेशनवर २०११ मध्ये मोठा एकत्रित अभ्यास आला. त्यात १० वर्षांत कॅन्सर परत येण्याचं प्रमाण रेडिएशनविना १०० मध्ये ३५ होतं, रेडिएशन घेतलेल्यांत १९. अँजिओसारकोमा होतो हजारात साधारण एकीला. ताईच्या वाट्याला तो एक आला, हे वाईटच. म्हणून बाकीच्यांनी रेडिएशन टाळायचं का? तुमच्याही घरी कोणी असं बोलत असेल तर आईसमोर बोलू देऊ नका, तिला ते ऐकून अपराधी वाटतं.

मी डॉक्टर नाही, कारखान्यात नोकरी करतो. डाग साधाही निघू शकतो, आणि ताईचा आजार लवकर सापडला होता. सगळ्यांचं तसंच जाईल असं नाही, हा आजार परत येण्यात बदनाम आहे. पहिली बायोप्सी 'काही नाही' म्हणाली आणि डाग वाढतच राहिला, तर दुसरी मागा. सर्जन वैतागला तरी.