भिडूचं टू हार्ट्स, बदाम की इस्पिक?

प्रश्न: क्लबात नव्या भिडूसोबत ब्रिज खेळायला बसले होते. त्याने वन नो ट्रम्प (हुकुमाशिवाय खेळायची बोली) उघडलं, माझ्याकडे बदामाची सहा पानं, इस्पिकचं एकच आणि पॉइंट (मोठ्या पानांचे गुण) फक्त 5, म्हणून मी टू हार्ट्स (बदाम) बोलले की तिथेच थांबावं. त्याने अलर्ट दिला (बोलीचा अर्थ वेगळा आहे अशी विरोधकांना सूचना) आणि टू स्पेड्स (इस्पिक) बोलला! मी पास केलं आणि डाव बुडाला. म्हणे ट्रान्स्फर होतं, म्हणजे एक रंग बोलून भिडूकडून दुसरा रंग बोलवून घेणं. कोण चुकलं? आणि हे लागतं तरी कशाला? (एक वाचक, नाशिक)

उत्तर: ताई, चूक दोघांची, बसण्याआधी बोलायला हवं होतं. ब्रिजपटू ओस्वाल्ड जेकबीने 1956 मध्ये हे ट्रान्स्फर अमेरिकेत रुळवलं, त्यात टू डायमंड्स म्हणजे बदामाची किमान पाच आणि टू हार्ट्स म्हणजे इस्पिकची किमान पाच पानं. म्हणजे तुम्ही टू डायमंड्स बोलायचं, तो टू हार्ट्स बोलणार आणि तुम्ही पास.

फायदा खरंच मोठा आहे. बदाम आधी भिडू बोलतो म्हणून डाव तोच खेळतो आणि त्याचा 15 ते 17 पॉइंटचा हात झाकलेला राहतो. समजा त्याच्याकडे किलवरचा राजा आणि तिर्री आहे, ती पानं डमीत (टेबलावर उघड्या मांडलेल्या हातात) उघडी पडली आणि एक्का मागच्या खेळाडूकडे असला तर लीड (विरोधकाने टाकलेलं पहिलं पान) राजाच्या अंगावरून जातं आणि राजा मारला जातो, तेच तो स्वतः खेळत असेल तर किलवरच्या लीडवर त्याचं पान शेवटी पडतं, राजाचा हात जवळजवळ पक्का. शिवाय तुम्हाला पुन्हा बोलायला मिळतं, पाच बदाम आणि 8-9 पॉइंट असतील तर टू नो ट्रम्प, 10 किंवा जास्त असतील तर थ्री नो ट्रम्प, मग बदामात खेळायचं का ते तो ठरवेल.

पण नुसतं "आपण ट्रान्स्फर खेळतो" एवढं ठरवून भागत नाही हो, भांडणं होतात ती पुढे. मधे विरोधकाने तुमच्या बोलीवर डबल (विरोधकाची एक खास बोली) दिलं तर? टू क्लब्स घातलं तर? माझं मत, नवीन जोडीने डबलवर सगळं चालू ठेवावं आणि मधे बोली आली की ट्रान्स्फर बंद, लक्षात राहायला सोपं. आणि हे कन्व्हेन्शन कार्डावर (जोडीच्या ठरलेल्या बोलींच्या कार्डावर) लिहा, तुमच्या बोलीचा अर्थ जाणून घ्यायचा विरोधकांना हक्क आहे, भिडूंची गुप्त भाषा ब्रिजमध्ये चालत नाही.

अजून एक, त्याचा अलर्ट ऐकून "अरे, हे ट्रान्स्फर होतं" असं आठवलं तरी ती माहिती वापरायची नाही, अलर्ट ऐकलाच नाही असं धरून पुढची बोली लावायची.