क्षयाच्या जंतूचे विषारी मेद : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : क्षयाच्या जंतूचा ‘कॉर्ड फॅक्टर’ हा मेद विषारी असतो म्हणतात. पण विकत आणलेला कॉर्ड फॅक्टर माध्यमात मिसळून उंदराच्या भक्षक पेशींना दिला, तर पेशी ढिम्म! माल खराब निघाला का?
– संशोधक विद्यार्थी, पुणे

उत्तर : माल बहुधा चांगला आहे, द्यायची पद्धत चुकते आहे. कॉर्ड फॅक्टर म्हणजे ट्रेहलोज डायमायकोलेट : एक ट्रेहलोज साखर आणि तिला जोडलेली दोन मायकोलिक आम्लं, प्रत्येकात साधारण ६० ते ९० कार्बन. असा रेणू पाण्यात विरघळत नाही. माध्यमात ओतला की गुठळ्या होतात, लांब शेपट्या आत दडतात आणि पेशींना तो नीट भेटतच नाही.

आधी थोड्या क्लोरोफॉर्म-मेथॅनॉलमध्ये विरघळवा, मग आयसोप्रोपेनॉलने पातळ करा. ९६ खळग्यांच्या प्लेटमध्ये दर खळग्यात २० मायक्रोलिटर टाका, द्रावक पूर्ण उडू द्या आणि त्या थरावर पेशी सोडा. क्लोरोफॉर्म जास्त झाला तर प्लेटचं पॉलिस्टायरीनच विरघळू लागतं. साठा काचेच्या कुपीत ठेवा. नुसतं द्रावक उडवलेले खळगे तुलनेसाठी हवेतच. घाईही नको : हा मेद ओळखणारा पेशीवरचा ‘मिंकल’ ग्राहक, म्हणजे रिसेप्टर (२००९ मध्ये दाखवला गेला) शांत पेशींवर कमी असतो, चेतवल्यावर वाढतो. टीएनएफ (चेतलेल्या पेशी सोडतात ते प्रथिन) दुसऱ्या दिवशी मोजा.

उंदरांतही हेच दिसतं. पाण्यात घोटून टोचला तर तो त्यांना बराच सोसतो. तेलातून दिला तर थोड्या मात्रेतही उंदीर वाळत जातात, मरतात. तेलाच्या थेंबावर तो एकेरी थरात पसरतो. रेणू तोच, मांडणी बदलली की घातकपणा बदलतो, म्हणून अमुक मायक्रोग्रॅम विषारी असं नुसतं सांगणं आम्हाला अर्धवट वाटतं. जाता जाता : जंतूंचे दोरखंडासारखे पुंजके रॉबर्ट कॉख यांनी १८८२ मध्येच नोंदवले होते. ह्यूबर्ट ब्लॉक यांनी १९५० मध्ये पेट्रोलियम ईथरने हा मेद जंतूंवरून काढून घेतला. जंतू जिवंत राहिले, पण दोर वळायचे थांबले.

प्रश्न : क्षयजंतूचा एच३७आरव्ही हा प्रयोगशाळेतला वाण वारंवार वाढवला की त्याची मारकता घटते. का?

उत्तर : पहिला संशय पीडीआयएम या जंतूच्या मारकतेला लागणाऱ्या मेदावर घ्या. तो बनवायला जंतूला बराच खर्च येतो आणि पोषक माध्यमात त्याचा काही उपयोग नसतो. त्यामुळे तो न बनवणारे उत्परिवर्ती जंतू जोरात वाढून बाकीच्यांना मागे टाकतात. मूळ साठ्याच्या पुष्कळ कुप्या गोठवून ठेवा, दर प्रयोगाला नवी उघडा, उपसंवर्धनं कमी करा. माध्यमात ०.१ मिलिमोलर प्रोपिओनेट घातल्यास पीडीआयएम टिकायला मदत होते. तपासणीसाठी मेद काढून पातळ थर क्रोमॅटोग्राफी (मेद वेगवेगळे करून पाहायची पद्धत) करा : पेट्रोलियम ईथर आणि डायइथाइल ईथर ९:१, मग फॉस्फोमोलिब्डिक आम्लाचा फवारा आणि उष्णता. जंतू हाताळणं अर्थात बीएसएल-३ म्हणजे कडक जैवसुरक्षेच्या प्रयोगशाळेतच.

प्रश्न : रुग्णाचं तेल-तूप बंद केलं तर जंतूची चरबी कमी होईल का?

उत्तर : नाही. मायकोलिक आम्लं जंतू स्वतः घडवतो आणि आयसोनियाझिड नेमकं तेच काम अडवतं. जंतू आपल्या पेशींतलं कोलेस्टेरॉलही खातो, पण ताटातलं तूप काढून त्याची उपासमार होत नाही. होते ती रुग्णाची. क्षयरुग्णांसाठीच्या सरकारी निक्षय पोषण योजनेतून उपचारकाळात दरमहा १,००० रुपये मिळतात (नोव्हेंबर २०२४ पूर्वी ५०० होते), ते घ्या आणि पोटभर खाऊ घाला.