वाचकांचे प्रश्न : मंडळाची सहल कशी ठरवावी?

ठाणे आणि नवी मुंबईतून यंदा आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे वसाहतींतील सांस्कृतिक मंडळांच्या कार्यकर्त्यांची आहेत. त्यांतील निवडक प्रश्न थोडक्यात देऊन त्यांची उत्तरे देत आहे. ठाण्यातील अशाच एका मंडळाचे काम मी बरीच वर्षे केले असल्यामुळे काही उत्तरांत स्वतःचा अनुभवही आला आहे.

प्रश्न : खारघरच्या आमच्या वसाहतीत चाळीस-पंचेचाळीस सभासदांचे मंडळ आहे आणि त्यांतील निम्मे निवृत्त आहेत. गेली तीन वर्षे वार्षिक सहल म्हणजे एखादे रिसॉर्ट, दोन वेळचे जेवण, हाऊजी आणि परत, एवढेच झाले. यंदा काही सांस्कृतिक पाहावे अशी सभासदांची मागणी आहे. समितीने केलेल्या यादीत एका दिवसात सहा ठिकाणे आहेत. हे जमेल का? (एक कार्यवाह, खारघर)

उत्तर : चाळीस माणसांनी बसमधून उतरायचे, पाणी प्यायचे, प्रसाधनगृहात जाऊन यायचे आणि एकत्र उभे राहायचे म्हटले की वीस मिनिटे जातात, आणि परत चढताना पुन्हा तेवढीच. सहा थांब्यांचे मिळून चार तास यातच संपतात. म्हणून माझे आग्रहाचे सांगणे असे आहे की, यादीतील पाच ठिकाणे खोडावीत, एकच ठेवावे आणि जेवण कुठे घ्यायचे हे त्यानंतर ठरवावे.

ते एक ठिकाण म्हणून मी अंबरनाथचे शिवमंदिर सुचवेन. लोकलच्या फलकावर अंबरनाथ हे नाव आपण आयुष्यभर वाचतो, पण स्थानकापासून थोड्याच अंतरावर असलेले हे मंदिर न पाहिलेली माणसे आपल्या दोन्ही शहरांत पुष्कळ भेटतात. तेथील शिलालेखात शके ९८२ चा, म्हणजे इ. स. १०६० चा, उल्लेख आहे आणि तो उत्तर कोकणच्या शिलाहारांपैकी मम्मुणी राजाच्या काळातील आहे. याच शिलाहारांच्या लेखांत श्रीस्थानक म्हणून येणारे नगर म्हणजे आपले ठाणे, हे सभासदांना बसमध्येच सांगितले तर समोरचा दगड परका वाटत नाही. मंदिर भूमिज शैलीचे आहे. या शैलीत शिखराच्या उतारावर लहान लहान शिखरांच्या प्रतिकृती खालून वर ओळीने चढवत नेलेल्या असतात. सिन्नरचे गोंदेश्वर ज्यांनी पाहिले असेल, त्यांना ही रचना चटकन ओळखू येईल. अंबरनाथच्या शिखराचा वरचा भाग आज नाही, तरीही उरलेल्या भागावरून त्या ओळी कशा वर गेल्या असतील याचा अंदाज करता येतो, आणि माझ्या मते मंदिर पाहण्यातला अर्धा आनंद तिथेच आहे.

बाहेरच्या उन्हातून सभामंडपात शिरल्यावर पहिली दोन मिनिटे काहीच दिसत नाही. त्या वेळी कोणालाही पुढे ढकलू नये. डोळे स्थिरावले की आधी खांबांच्या कडा दिसू लागतात, मग खांबांवरची नक्षी आणि शेवटी छताचे कोरीवकाम. गाभारा जमिनीच्या पातळीखाली असून दगडी पायऱ्या उतरून जावे लागते. तिथे घाई झाली की ज्येष्ठांचे पाय अडखळतात. आम्ही मंडळातर्फे गेलो तेव्हा गुडघ्यांचा त्रास असलेल्या एक आजी खाली उतरल्या नाहीत. त्यांच्यासाठी घडीची खुर्ची नेली होती, ती बाहेरच्या भिंतीजवळ ठेवून दिली. आम्ही वर आलो तेव्हा त्यांनी आम्हा सगळ्यांना बोलावून एका स्त्रीमूर्तीचा अंबाडा दाखवला. त्यातली केसांची वीण दगडात पेड सुटे दिसावेत इतकी नीट काढलेली होती, आणि प्रदक्षिणा घालताना आमच्यापैकी एकानेही ती पाहिली नव्हती. तेव्हापासून प्रत्येक सहलीला आम्ही चार घडीच्या खुर्च्या नेतो, आणि त्यांवर नेहमी ज्येष्ठच बसतात असेही नाही.

तयारी मात्र आधी हवी. सहलीच्या आदल्या आठवड्यात एखाद्या सभासदाच्या घरी तासभर जमावे आणि महिषासुरमर्दिनी कशी ओळखावी, नृत्य करणारा शिव कसा ओळखावा, एवढ्याच चार-पाच गोष्टी छायाचित्रांवरून समजून घ्याव्यात. परिसरातील एखादे इतिहासाचे प्राध्यापक किंवा मूर्तिशास्त्राचे अभ्यासक बरोबर आले तर फारच उत्तम. त्यांना मानधन द्यावे आणि ते खर्चाच्या अंदाजपत्रकात पहिल्या ओळीत लिहावे. बसवाल्याला आणि आचाऱ्याला पैसे देताना आपण मागेपुढे पाहत नाही, पण अभ्यासकाच्या वेळेला शाल-श्रीफळ पुरे असे समजतो, हे मला मनापासून चुकीचे वाटते.

हे नित्य पूजा होणारे मंदिर आहे. महाशिवरात्रीला आणि श्रावणी सोमवारी तेथे भाविकांची मोठी गर्दी असते, त्यामुळे शिल्पे पाहायची असतील तर ते दिवस टाळावेत. वाराचा विचार सगळीकडेच करावा लागतो. आमच्या मंडळाची कान्हेरीची एक सहल माझ्याच हलगर्जीपणामुळे सोमवारी ठरली आणि राष्ट्रीय उद्यानाच्या बंद प्रवेशद्वारावरून तीस माणसांना परत यावे लागले. घारापुरीच्या लेणीही सोमवारी बंद असतात, आणि भायखळ्याचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय बुधवारी बंद असते.

पावसाळ्यानंतर दुसरी सहल काढणार असाल, तर आपल्या बाजूलाच शिरढोण आणि चिरनेर आहेत. शिरढोण हे वासुदेव बळवंत फडके यांचे जन्मगाव. उरण तालुक्यातील चिरनेर येथे २५ सप्टेंबर १९३० रोजी जंगल सत्याग्रहात गोळीबार होऊन सत्याग्रही हुतात्मा झाले, आणि तेथे त्यांचे स्मारक आहे. चिरनेरला गेल्यास गावातील जुन्या माणसांशी बोलण्यासाठी तासभर राखून ठेवावा, कारण नुसते स्मारक पाहून येण्यात फारसे हाती लागत नाही.

प्रश्न : आमच्या मंडळाची वर्गणी आणि सहलीचे पैसे खजिनदारांच्या वैयक्तिक खात्यात जमा होतात. त्यांच्या प्रामाणिकपणाबद्दल शंका नाही, पण यंदा आयत्या वेळी न आलेल्या सात जणांनी पूर्ण परतावा मागितला आणि वाद झाला. मंडळ नोंदवावे का? (एक सभासद, वाशी)

उत्तर : आपल्या पत्रात दोन वेगळे प्रश्न आहेत. परताव्याचा वाद नोंदणी करून सुटत नाही. तो पैसे घेण्यापूर्वी दोन वाक्ये लिहून दिल्याने सुटतो. सहलीचा खर्च दोन प्रकारचा असतो. बसभाडे आणि मार्गदर्शकांचे मानधन हे माणसे कमी झाली तरी तेवढेच राहते, तर जेवण आणि प्रवेशशुल्क माणशी लागते. समजा, बसला १२,००० रुपये लागले आणि चाळीस जण जाणार असले, तर माणशी ३०० रुपये बसचे झाले. जेवणाचे आणखी ३५० धरले तर एकूण ६५० होतात. आयत्या वेळी न येणाऱ्याला, आचाऱ्याला दोन दिवस आधी कळवले असल्यास, ३५० परत द्यावेत. बसचे ३०० मात्र परत देऊ नयेत, कारण ते इतर सभासदांच्या खिशातून द्यावे लागतात. हे आकडे वेगवेगळे दाखवून पत्रक काढले की आलेला माणूसही समाधानी राहतो आणि न आलेल्याच्या मनातही किंतु राहत नाही.

आता नोंदणीविषयी. मंडळ केवळ सहा महिन्यांतून एकदा सहल काढत असेल, तर दोन सभासदांनी मिळून हिशेब ठेवणे आणि तो सूचनाफलकावर लावणे पुरेसे आहे. परंतु आपल्याला देणग्या घ्यायच्या असतील, सभागृह मंडळाच्या नावाने हवे असेल किंवा काही शिल्लक वर्षानुवर्षे बाळगायची असेल, तर नोंदणी करावीच. किमान सात व्यक्ती एकत्र येऊन संस्था नोंदणी अधिनियम, १८६० खाली संस्था नोंदवू शकतात. आपल्या राज्यात अशा सांस्कृतिक संस्थेला त्याबरोबरच महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खालीही नोंद करावी लागते. हे काम धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात होते. त्यानंतर दरवर्षी हिशेबतपासणी करून घेणे आणि कार्यकारिणी बदलली की बदल अहवाल सादर करणे ही जबाबदारी येते. ती निभावायला मंडळात एक तरी चिकाटीचा माणूस असल्याची खात्री करूनच अर्ज भरावा. नोंदणी झाल्यावर मंडळाच्या नावाने खाते उघडून व्यवहार दोघांच्या सहीने करावेत, म्हणजे खजिनदारांच्या डोक्यावरचे ओझेही उतरेल.

प्रश्न : घोडबंदर रस्त्यावरील आमच्या गृहसंकुलातून पंचवीस जणांना दर तिमाहीला नाटकाला न्यावे असे ठरले आहे. निवड कशी करावी? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : आपल्याला डॉ. काशिनाथ घाणेकर नाट्यगृह जवळ आहे आणि तलावपाळीला गडकरी रंगायतन आहे, म्हणजे ठिकाणाची अडचण नाही. ज्येष्ठ अधिक असतील तर रविवारचा दुपारचा प्रयोग निवडावा. रात्रीच्या प्रयोगानंतर रिक्षा मिळेपर्यंत पंचवीस जणांना थांबवून ठेवणे योग्य नाही. तिकिटे काढताना मार्गिकेकडेच्या जागा आधी मागाव्यात आणि चालायला त्रास होणाऱ्यांना त्या द्याव्यात.

चार नाटकांपैकी एक तरी राज्य नाट्य स्पर्धेतील हौशी संघाचे असावे, अशी माझी विनंती आहे. तेथे तिकीट नाममात्र असते, आणि दिवसभर नोकरी करून रात्री तालमी करणारे आपल्यासारखेच लोक रंगमंचावर असतात. अशा प्रयोगाला भरलेली एक रांगही त्यांना बळ देते. विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये सांगलीत ‘सीतास्वयंवर’ सादर केले. त्या स्मरणार्थ ५ नोव्हेंबरला रंगभूमी दिन पाळला जातो. वर्षातील एक नाटक त्या सुमारास ठेवता येईल.

प्रश्न : ऐरोलीतील आमच्या इमारतीत निम्मी कुटुंबे अमराठी आहेत. नवरात्रात भोंडला घ्यावा असे आम्हा काही जणींना वाटते, पण शेजारणींना गाणी येत नाहीत आणि आमच्या मुलींनाही येत नाहीत. कार्यक्रम फसेल का? (एक वाचक भगिनी, ऐरोली)

उत्तर : ताई, भोंडला फसण्याची भीती बाळगू नये. तो मुळात प्रेक्षकांसाठी नाहीच, त्यात सगळ्याजणी फेरातच असतात. मधोमध पाटावर हत्ती काढावा, पण रांगोळीचा तयार छाप वापरू नये. पाट, तांदूळ आणि थोडी डाळ मुलींच्या हाती द्यावी. हत्तीची सोंड कोणत्या दिशेला वळवायची यावरून त्यांचे भांडण होईल, ते होऊ द्यावे, कारण त्या पाटाशी त्यांचे नाते तिथेच जुळते. हा हत्ती हस्त नक्षत्राची आठवण करून देणारा आहे, हे त्याच वेळी सांगावे. पश्चिम महाराष्ट्रात काही ठिकाणी या खेळाला हादगा म्हणतात, आणि खानदेश-विदर्भात भुलाबाईची गाणी असतात. आपल्या इमारतीत या भागांतून आलेल्या कोणी असतील, तर त्यांच्याकडची गाणी वेगळी निघतील. ती आवर्जून म्हणवून घ्यावीत.

गाण्यांचे शब्द मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून भिंतीला लावावेत, आणि अमराठी शेजारणींसाठी तेच शब्द त्यांना वाचता येणाऱ्या लिपीत लिहून द्यावेत. ध्वनिक्षेपकावर गाणी लावू नयेत, असे मी निक्षून सांगेन. तयार गाणे वाजू लागले की बायका गायच्या थांबतात आणि नुसते पाय हलवतात. आवाज बेसूर लागला तरी चालेल, पण तो फेरातूनच यायला हवा. तीन गाणी सर्वांना पाठ झाली तरी पहिल्या वर्षासाठी पुरे.

भाषेची अडचण खिरापतीने सर्वांत सहज दूर होते. डबा हलवून आत काय आहे ते ओळखायचे, गोड की तिखट असे विचारत पदार्थापर्यंत पोहोचायचे, हा खेळ कोणत्याही घरच्या बाईला लगेच कळतो. प्रत्येक दिवसाची खिरापत वेगळ्या घराकडे सोपवावी आणि ती त्या घरच्या पद्धतीची असावी. आमच्या मंडळात एका वर्षी तमिळ शेजारणीने आणलेले सुंडल कोणालाच ओळखता आले नाही. तेव्हा त्यांनी त्यांच्याकडे नवरात्रात बाहुल्यांची मांडणी करतात आणि पाहायला येणाऱ्यांना हेच देतात असे सांगितले, आणि दुसऱ्या दिवशी सगळा फेर त्यांच्या घरी बाहुल्या पाहायला गेला. आमच्या मंडळाची ती सर्वांत जवळची सहल, दुसऱ्या मजल्यावरून पाचव्या मजल्यापर्यंतची.

प्रश्न : मुलांना रोहित पक्षी (फ्लेमिंगो) दाखवायला न्यायचे आहे. कधी न्यावे? (एक पालक, नेरूळ)

उत्तर : साधारणपणे नोव्हेंबर ते मे या काळात ते ठाणे खाडीत दिसतात, आणि फेब्रुवारीनंतर संख्या चांगली असते. खाडीचा हा भाग २०१५ मध्ये अभयारण्य म्हणून घोषित झाला आणि २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, आला. ऐरोलीच्या सागरी जैवविविधता केंद्रातून बोटीने जाता येते. बोटीच्या वेळा भरती-ओहोटीप्रमाणे रोज बदलतात, म्हणून वेळ आधी विचारून मगच मुलांना सांगावी. बोट मिळाली नाही तरी निराश होऊ नये. ओहोटीला हे पक्षी खाडीच्या चिखलात चरतात आणि भरतीला पाणी चढले की आपल्या नेरूळ-सीवूड्सच्या पाणथळ जागांवर विसाव्याला येतात. त्यामुळे पंचांगातील तिथी पाहून भरतीची वेळ काढावी, मुलांना गडद नसलेले, साध्या रंगाचे कपडे घालावेत आणि काठापासून दूर, शांत उभे राहावे. दुर्बीण एकच असेल तर प्रत्येकाला शंभर आकडे मोजेपर्यंत पाहू द्यावे.